वंदीच्या चिंबोऱ्या

कल्याणजवळच्या एका कॉलेजात जीवशास्त्राचं संशोधन केंद्र आहे. केंद्र म्हणजे दोन खोल्या, एक फ्रीज आणि त्या फ्रीजवर चिकटवलेला कागद: 'यात जेवणाचे डबे ठेवू नयेत.' तिथे आम्ही पाच जण पीएच.डी. करत होतो. माझा विषय गवत. डोंगरमाथ्यावरच्या कातळात उगवणारं एक बारीकसं गवत घेऊन मी तिथे दाखल झाले आणि तिसऱ्याच आठवड्यात माझा पहिला सेमिनार लागला. मी साडी नेसून गेले होते. पडद्यावर गवताचा फोटो होता आणि मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत होते की हे गवत फक्त उंच कातळावर सापडतं, खाली सपाटीला येत नाही.

मागच्या बाकावरून आवाज आला, "कशावरून?"

आवाजात भांडण नव्हतं. खोडी असावी असंही वाटलं नाही. पाहिलं तर एक सावळी, काटक मुलगी, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, पायात रबरी चपला, मांडीवर वही. मी म्हटलं, पुस्तकात तसं दिलंय. तिने समजूतदारपणे मान डोलावली आणि विचारलं, "आणि पुस्तक लिहिणाऱ्यांना कशावरून?"

आमचे मार्गदर्शक सर हसले. मी रडवेली झाले. पुढच्या रविवारी ही मुलगी, वंदना तिचं नाव, मला एसटीत घालून मुरबाडला घेऊन गेली. स्टँडच्या मागे, कुंपणाच्या कडेला, उसाच्या चिपाडांच्या ढिगाशेजारी माझं दुर्मीळ गवत ऐटीत उभं होतं आणि एक शेळी ते चघळत होती.

"फोटो काढ," वंदना म्हणाली. "शेळीचाही काढ. नाहीतर पुढच्या सेमिनारला कोणीतरी विचारेल, कशावरून."

अशी आमची मैत्री झाली. माझ्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्या शेळीने खाल्लं, पण उरलेलं खरं झालं.

वंदना धसईच्या पुढच्या एका लहान गावातली. घरी भातशेती, पाच म्हशी आणि बोलण्यात कोणालाही हार न जाणारी आई. गावात तिला वंदी म्हणत. लॅबमध्ये ती अगदी नीटनेटकं, कॉलेजातलं मराठी बोलायची, मध्ये मध्ये इंग्रजी शब्द पेरून. धसईच्या फाट्यावर एसटीतून पाय खाली टाकला की त्याच पायाने भाषा बदलायची. "नाय गो, आमी आत्ताच आलो," असं ती कोणातरी म्हातारीला सांगत असायची आणि मी मागे उभी राहून ही तीच मुलगी का, असा विचार करायची.

तिचा विषय चिंबोऱ्या. पुस्तकात त्याला गोड्या पाण्यातला खेकडा म्हणतात. तिच्या गावाला लागून एक ओहोळ वाहतो, त्याच्या काठच्या बिळांतून आणि भातखाचरांच्या बांधांतून या चिंबोऱ्या राहतात. पावसाळ्यात आसपासची गावं त्या धरतात, खातात आणि उरलेल्या धसईच्या बाजारात विकतात. वंदनाचा प्रश्न सरळ होता: माणसं इतक्या चिंबोऱ्या खातात, तर ओहोळात किती उरतात, आणि अशाच खात राहिली तर पुढे काय होईल. लहानपणी तिच्या आजोबांनी तिला सांगितलं होतं की पूर्वी बांधावर पाय ठेवायला जागा नसायची, इतक्या असायच्या. ती तेव्हाही कशावरून असंच म्हणाली असणार.

मोजण्याची पद्धत जुनी आहे. जनावर धरायचं, त्याच्यावर खूण करायची, सोडून द्यायचं. काही दिवसांनी परत धरायला जायचं आणि धरलेल्यांत खूण केलेली किती सापडतात ते पाहायचं. त्यावरून एकूण किती असतील आणि मधल्या काळात किती गेली याचा हिशेब मांडता येतो. वंदना चिंबोरीच्या पाठीवर नेलपॉलिशने नंबर लिहायची. तिच्या पिशवीत नेलपॉलिशच्या सात बाटल्या असायच्या आणि तिच्या स्वतःच्या नखांत कायम चिखल. मुरबाडच्या ज्या दुकानातून ती बाटल्या घ्यायची, तिथल्या बाईंनी एकदा कौतुकाने विचारलं की घरात लग्न आहे का. वंदनाने हो म्हटलं. कोणाचं, तर म्हणे, नात्यातल्याच आहेत, पण फार आहेत. मग तिने प्रत्येक रंगाचा एक ठिपका दगडावर लावून तो दगड तीन दिवस पाण्यात ठेवायला मागितला, तेव्हा त्या बाईंनी पुढे काही विचारलं नाही.

लॅबमधल्या सगळ्यांना ती त्यांच्या विषयावरून हाक मारायची. मी गवत. एक मुलगा झाडाच्या सालीवरच्या बुरशीवर काम करायचा, त्याचं नाव बुरशी. त्याच्या बायकोने एकदा लॅबमध्ये फोन केला आणि वंदनाने सहज सांगितलं, "बुरशी आत्ताच खाली गेली, वहिनी. चहाला." त्यानंतर त्याच्या घरीही तेच नाव रूढ झालं असं ऐकलं. सरांना नाव नव्हतं. सरांना ती सर म्हणायची, पण ज्या स्वरात म्हणायची त्यात सगळं आलं.

तिच्या त्या 'कशावरून'मुळे घरच्यांचे काय हाल झाले ते तिच्या आईकडून ऐकावं. एकदा भिवंडीकडची मंडळी तिला पाहायला आली होती. मुलगा गोदामात सुपरवायझर, दिसायला बरा, बोलायला कमी. मी योगायोगाने त्या दिवशी तिच्या घरी होते आणि मला कांदेपोह्यांच्या बश्या नेण्याचं काम मिळालं होतं. मुलाच्या मामांनी चिंबोऱ्यांचं शिक्षण किती वर्षं चालेल अशी चौकशी केली. मग वातावरण मोकळं व्हावं म्हणून ते म्हणाले की आमच्या भाच्यालाही मुक्या जनावरांची फार आवड आहे.

वंदनाची आई डोळे मिटून बसली. तिला कळलं होतं.

"कशावरून?" वंदनाने विचारलं.

मुलगा म्हणाला की घरी कुत्रा आहे. तो किती वाजता जेवतो, असं वंदनाने विचारलं. मुलाला माहीत नव्हतं. काय खातो, तेही नव्हतं. हे सगळं ती इतक्या आपुलकीने विचारत होती की कोणाला रागही धरता येईना. मंडळी पोहे संपवून गेली आणि आईने भांडी घासता घासता तिला आठवडाभर पुरेल एवढं सुनावलं. पण दहा-बारा दिवसांनी त्या मुलाचाच फोन आला. घरी जाऊन त्याने विचारलं, तेव्हा कळलं की कुत्र्याला आजपर्यंत फक्त त्याची आई जेवायला घालत होती. आता संध्याकाळचं तो घालतो. लग्न जमलं नाही. पुढे त्याचं दुसरीकडे झालं. पण कुत्र्याचे फोटो वंदनाला अजून येतात आणि ती ते मला पाठवते, खाली काही न लिहिता.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या पावसाळ्याच्या शेवटी वंदनाचे आकडे हाती आले आणि सर खूश झाले. नंबर लिहिलेल्या चिंबोऱ्या परत परत सापडत होत्या. तीन नंबर, अकरा नंबर, सतरा नंबर, जणू त्या ओहोळात हजेरी द्यायला बसल्या होत्या. याचा अर्थ माणसं ओहोळातून चिंबोऱ्या नेतात त्याचा काही म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. निष्कर्ष छान होता. नवा होता, छापण्यासारखा होता, आणि गावकऱ्यांच्या बाजूचा होता. सरांनी लेखाचा मसुदा तयार करायला सांगितला. वंदना मात्र कोपऱ्यात बसून तो तक्ता बघत राहायची. मी विचारलं तर म्हणाली, "सतरा नंबर फारच निरोगी आहे, नाही?"

त्याच आठवड्यात आम्ही धसईला उतरलो, बाजाराचा दिवस होता. तिच्या गावातली चंद्रीकाकी रस्त्याच्या कडेला टोपली घेऊन बसली होती. चंद्रीकाकी म्हणजे वंदनाच्या घराच्या भिंतीला भिंत असलेली शेजारीण, पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू, आणि चिंबोरीच्या बिळात हात घालण्यात गावात एक नंबर. टोपलीत चिंबोऱ्या खच्चून भरल्या होत्या, नांग्या गवताने बांधलेल्या. वंदना तिच्यासमोर उकिडवी बसली आणि एकेक उलटून पाहायला लागली.

तिने विचारलं, कुठल्या. काकी म्हणाली, आपल्याच व्हळातल्या, आनि कुठल्या. वंदनाने टोपली तळापर्यंत तपासली. मग मान वर केली.

"काकी, नंबरवाली एक पन नाय?"

काकीला प्रश्नच समजला नाही. वंदनाने परत विचारला. तेव्हा काकी हसली, जसं लहान मुलाच्या बोलण्यावर हसतात तसं.

"नंबरवाली कशी धरू गो? ती तुजी. तुजी परीक्षा हाय ना? गावात कोनपन नाय धरत. बिलात हात घातला नि नंबरवाली निंघाली, तं आमी परत सोडतो. तुज्या बापाला इचार."

मला हे ऐकून गहिवरून आलं. मी वंदनाकडे पाहिलं, तर ती पांढरी पडली होती. मला तेवढं कळायला एसटी येईपर्यंतचा वेळ लागला. गाव नंबरवाल्या चिंबोऱ्या सोडून देत होतं आणि बाकीच्या खात होतं. म्हणजे नंबरवाल्या टिकल्या यावरून ओहोळाबद्दल काहीच कळत नव्हतं. कळत होतं ते एवढंच, की गावाचं वंदीवर प्रेम आहे. तिचं वर्ष पाण्यात गेलं होतं.

मुरबाडला गाडी बदलताना ती बाकावर टेकली. मग म्हणाली, "मला राग पण येत नाहीये. कोणावर येणार?"

दुसऱ्या दिवशी तिने सरांना सगळं सांगितलं. मी दाराजवळ गवताच्या काड्या मोजत होते, त्यामुळे मला ऐकू आलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांना तिच्या फेलोशिपची मुदत दिसत होती, स्वतःच्या निवृत्तीची तारीख दिसत होती, आणि तयार मसुदा टेबलावर होता. ते हलक्या आवाजात म्हणाले की बघ, हे कोणाला कळणार आहे?

"चंद्रीकाकीला," वंदना म्हणाली.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग मसुदा उचलून ड्रॉवरमध्ये ठेवला आणि म्हणाले, पुढच्या पावसाळ्याची तयारी कर.

पुढच्या पावसाळ्यात तिने युक्ती केली. आकडे लिहायचे नाहीत. चिंबोरी उलटी केली की पोटाखाली जी घडी असते, तिच्या आत बारीक ठिपक्यांची खूण करायची. बिळातून काढणाऱ्याला ती दिसणार नाही. मग गाव नेहमीसारखं धरेल, खाईल, आणि हिशेब खरा निघेल. ती अशा खुणा करत महिनाभर काठाकाठाने फिरली आणि त्यानंतर धसईच्या बाजारात गेली. चंद्रीकाकीच्या टोपलीत करटोली होती.

चिंबोऱ्या कुठे आहेत, तर काकी म्हणाली, धरणं बंद केलं. वंदी काहीतरी खूण करते, पण ती कुठे करते ते दिसत नाही, असं गावात सगळ्यांना कळलं होतं. ओहोळाच्या काठाला बसून एखादी मुलगी महिनाभर चिंबोऱ्या उलट्या करते, हे गावात लपत नाही. तेव्हा चुकून तिची धरली जाऊ नये म्हणून गावाने कुठलीच धरायची नाही असं ठरवलं होतं. कोणी सभा घेतली नव्हती, ठराव केला नव्हता. आपोआप ठरलं होतं. वंदना तरातरा घरी गेली. वडील पडवीत बसले होते. त्यांनी पंधरा दिवस चिंबोरीचं कालवण खाल्लं नव्हतं आणि तसं ते तिला सांगणारही नव्हते. आईने सांगितलं, आणि वर हेही सांगितलं की ते झोपेत कण्हतात.

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर गाव टेकतं. वंदनाने तिथे उभं राहून भाषण केलं. मला तिने मुद्दाम सोबत नेलं होतं, म्हणाली, बाहेरचं माणूस असलं की लोक ऐकून घेतात. भाषण थोडक्यात असं होतं, की माझी परीक्षा तुम्ही चिंबोऱ्या न धरण्यावर नाही, धरण्यावर आहे. तुम्ही खाल्ल्या नाहीत तर मी नापास. लोकांनी लक्ष देऊन ऐकलं. एका म्हाताऱ्याने विचारलं की मास्तर लोक आता चिंबोऱ्या खायची परीक्षा घेतात का. दुसऱ्याने सांगितलं की घेत असतील, आता शिक्षण बदललंय. बऱ्याच चर्चेनंतर तोडगा निघाला: दिसत नाही ती खूण असली तर आमचा इलाज नाही, ती खाऊ. पण आकडा दिसला तर मात्र आमच्याच्याने धरवणार नाही. चंद्रीकाकीने यापुढे एक पाऊलही हलायला नकार दिला. नाव लिहिलेलं भांडं कोणी उचलून नेतं का, असा तिचा मुद्दा होता.

वंदना खाली बसली. मला वाटलं हरली. पण तिच्या चेहऱ्यावर मला एक हसू दिसलं, जे पुढे मी अनेकदा पाहिलं. तिला काहीतरी सुचलं होतं. तिने दुसऱ्या दिवसापासून दोन्ही सुरू केलं. काही चिंबोऱ्यांवर ठसठशीत आकडे, काहींच्या पोटाखाली लपलेली खूण. शिवाय तिने ठरवलं की आपल्याला कोणी ओळखत नाही अशा जागीही हेच करून बघायचं, आणि त्यासाठी शहापूर तालुक्यातला एक ओहोळ निवडला. तिथे ना शेजारीण, ना बाप, ना परीक्षेचं कौतुक.

तिथे उलटंच झालं. नंबरवाल्या चिंबोऱ्या आठवड्याभरात भुर्रकन नाहीशा व्हायला लागल्या. लपलेली खूण असलेल्या सापडत होत्या, बिनखुणेच्या सापडत होत्या, नंबरवाली मिळेल तर शपथ. वंदना चक्रावली. मग एका सकाळी आम्ही दोघी शहापूरच्या बाजारातून चाललो होतो, आणि एका माणसाच्या ढिगावर अगदी वरती, शोभेला ठेवावी तशी, तिची बेचाळीस नंबर बसलेली दिसली. आकडा गुलाबी रंगात. शेजारी त्याने ओलं फडकं ठेवलं होतं आणि मधून मधून तो आकडा पुसून चमकवत होता.

वंदनाने भाव विचारला. बाकीच्यांपेक्षा बराच जास्त होता. का, तर नंबरवाली आहे. पाळलेली, साफ पाण्यातली, सरकारी नंबर आहे.

"सरकारी कशावरून?" वंदनाने विचारलं.

त्या माणसाने तिच्याकडे दयेने पाहिलं. "ताई, नंबर काय चिंबोरी स्वतः लिवते?"

 'कशावरून' विचारून तिचीच बोलती बंद झालेली मी पाहिली ती तेवढी एकदाच. तिने घासाघीस न करता बेचाळीस नंबर विकत घेतली, पिशवीत घातली, आणि एसटीत बसल्यावर हसायला लागली. इतकी हसली की कंडक्टरने दोनदा येऊन पास विचारला आणि दोनदा तसाच परत गेला.

त्या हसण्यातून तिचा प्रबंध निघाला. एका गावाने नंबर पाहून सोडून दिलं, दुसऱ्याने नंबर पाहून आधी उचललं. लपलेल्या खुणेच्या चिंबोऱ्यांनी दोन्हीकडे खरं काय ते सांगितलं, आणि खरं असं होतं की चिंबोऱ्या कमी होत होत्या, आजोबा चुकत नव्हते. पण तिचं सगळ्यात वेगळं प्रकरण माणसांबद्दल होतं. आपण जनावरावर खूण करतो तेव्हा ती खूण जनावरापेक्षा माणसं जास्त वाचतात, आणि कशी वाचतात ते आधी मोजलं नाही तर बाकीचं मोजून उपयोग नाही. सर पुढे ते प्रकरण प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला वाचायला द्यायचे. ड्रॉवरमधल्या मसुद्याबद्दल मात्र कधी बोलले नाहीत.

व्हायवा, म्हणजे प्रबंधाची तोंडी परीक्षा, खुली होती; कोणीही येऊन बसू शकतं. सहसा कोणी येत नाही. वंदनाच्या व्हायवाला एक पिकअप भरून माणसं आली. आई, वडील, चंद्रीकाकी, देवळाच्या ओट्यावरचे ते दोन म्हातारे, आणखी चार-पाच जण. सगळे मागच्या बाकांवर ओळीने बसले, हात मांडीवर, लग्नात मुलीकडची मंडळी बसतात तसे. बाहेरगावचे परीक्षक होते, उंच, बारीक आवाजाचे. त्यांनी या गर्दीकडे दोनदा वळून पाहिलं.

वंदना इंग्रजीतून बोलली. मागच्या बाकांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण पडद्यावर आकडा लिहिलेली चिंबोरी आली की कुजबुज व्हायची, ही आपल्याकडली, ही तिकडली. शेवटी परीक्षकांनी प्रश्न विचारायला घेतले. बरेच विचारले. मग वही मिटून मराठीत म्हणाले, "तुमच्या गावचे लोक नंबरवाल्या चिंबोऱ्या सोडून देत होते, यावर तुमचं हे सगळं प्रकरण उभं आहे. पण ते सोडत होते हे कशावरून?"

आम्ही लॅबमधले सगळे एकमेकांकडे बघायला लागलो. बुरशीने तोंडावर रुमाल धरला. वंदना तक्ता शोधत होती, तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला आणि चंद्रीकाकी उभी राहिली.

"मी सोडल्या," ती म्हणाली. "मला इचारा."

सर अर्धे उठले. परीक्षकांनी हाताने त्यांना बसवलं आणि काकीला अगदी आदराने विचारलं की किती सोडल्या.

"मोजल्या नाय. मोजायचं काम तिचं."

परीक्षकांनी ते लिहून घेतलं. मी पाहिलं, खरंच लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं की आता तर मोजणी संपली, आता नंबरवाल्या धरता का.

"आजून नाय," काकी म्हणाली. "ती पास झाली का ते कुठं सांगितलं तुमी? तुमी सांगा, मंग धरतो."

नियमाप्रमाणे निकाल असा वर्गात सांगत नाहीत. समितीची बैठक होते, कागदांवर सह्या होतात. परीक्षकांनी सरांकडे पाहिलं, सरांनी छताकडे पाहिलं. मग परीक्षक घसा साफ करून म्हणाले, "उद्यापासून धरा."

मागच्या बाकांना अर्थ कळायला दोन क्षण लागले. पहिला कळला तो वंदनाच्या वडिलांना. त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला आणि परत घातली. आईने पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढून वंदनाला खूण केली की केस नीट कर.

त्यानंतर वंदना शहापूरला एका कॉलेजात शिकवायला लागली. माझाही प्रबंध झाला, शेळीसकट, आणि मला घाटापलीकडे नोकरी मिळाली. सामान घेऊन मी निघाले तो रविवार होता, श्रावणातला. तू मुरबाडला मला भेटायला येशील का, असं मी वंदनाला आदल्या दिवशी फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, जमणार नाही, काम आहे. मला जरा लागलं. इतक्या वर्षांची मैत्री, आणि हिला रविवारी कसलं काम.

सकाळची एसटी टोकावड्याच्या पुढे गेली आणि वैशाखऱ्याच्या अलीकडे थांबली. पुढे गाड्यांची रांग होती. माळशेजला धबधबे बघायला निघालेले लोक हॉर्न वाजवत होते. कंडक्टर कोणाला तरी झापायला म्हणून खाली उतरला आणि परत आलाच नाही. मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्याच्या मधोमध, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एका हातात मिटलेली छत्री फाटकासारखी आडवी धरून वंदना उभी होती. दुसऱ्या हाताने ती एका चकचकीत गाडीच्या बॉनेटवर थोपटत ड्रायव्हरला काहीतरी समजावत होती. आमचा कंडक्टर तिच्या शेजारी दोन्ही हात पसरून उभा होता. आणि त्यांच्या मधल्या ओल्या डांबरावरून, खाचराकडून ओहोळाकडे, लहानमोठ्या चिंबोऱ्या तिरक्या तिरक्या, काही घाई नसल्यासारख्या रस्ता ओलांडत होत्या.

तिने मला पाहिलं. मी हात हलवला. तिचे दोन्ही हात अडकलेले होते, तेव्हा तिने हनुवटीने मला खूण केली: इकडे नको, खाली बघ.

मी खाली पाहिलं. माझ्या खिडकीच्या बरोब्बर खाली एक मादी थबकली होती. पोटाखालची घडी अर्धवट उघडलेली आणि तिच्यात पिल्लं, तांदळाच्या कणीएवढी, एकमेकांना धरून दाटीवाटीने बसलेली. इतकी वर्षं वंदनाबरोबर फिरून मी ते कधी पाहिलं नव्हतं. मादीने जरा विचार केल्यासारखं केलं आणि हळूहळू चाकापासून दूर, गवतात गेली.

मी मान वर केली तेव्हा एसटी चालू झाली होती. कंडक्टर आत येऊन चिखलाचे पाय झटकत होता आणि पुढची गाड्यांची रांग वळणाआड जात होती.